दर्शनीरावांची पाठ

चार मजल्यांच्या त्या इमारतीत कोणाच्या घरात काय शिजतंय, कोण कोणाशी कधीपासून बोलत नाही आणि कोणाच्या बाल्कनीतली कुंडी कोणी फोडली, हे सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हती ती एकच गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरच्या दर्शनीरावांची पाठ.

समोरून त्यांना सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि समोरून ते पाहण्यासारखेच होते. वय एक्केचाळीस, पण शर्ट असा बसलेला की रोज सकाळी अंगावरच शिवून घेतात की काय असं वाटावं. रुंद खांदे, भरलेली छाती, आवळलेली कंबर, कडक कॉलर. कपाळावर केसांची एक बट उतरलेली; ती चुकून उतरलेली नाही हे कळायला तिच्याकडे जरा जास्त वेळ बघावं लागे. लिफ्टमध्ये शिरले की गृहस्थ भिंतीला पाठ चिकटवून उभे. मजला आला की "तुम्ही व्हा पुढे" म्हणत सगळ्यांना आधी बाहेर काढणार. जिन्यात मागून कोणाची पावलं ऐकू आली की यांना नेमका फोन यायचा आणि ते भिंतीला टेकून बोलायला लागायचे. फोनची बॅटरी संपलेली असली तरी यायचा. रस्त्यानं जाताना पाठीवर भली मोठी सॅक. सॅकमध्ये काय, तर दुसरी घडी केलेली सॅक.

तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांचं मत होतं की पाठीवर कोणाचं तरी नाव गोंदलेलं असणार. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ते पटत नव्हतं. नाव असतं तर आईनं घासणीनं कधीच घासून काढलं असतं, असं त्या म्हणत. दर्शनीरावांच्या आईंना ओळखणाऱ्या कोणालाही यात तथ्य वाटलं असतं.

'दर्शनीराव' हे अर्थातच इमारतीनं ठेवलेलं नाव. शहरातल्या कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात ते दर्शनी काचेतले पुतळे सजवायचे, त्यावरून पडलं. कानावर आलं तेव्हा त्यांना ते कौतुकच वाटलं, आणि ज्याला राग येत नाही त्याचं नाव कायमचं चिकटतं.

आता या धंद्यातलं एक गुपित सांगायला हवं, कारण ते रस्त्यावरच्या माणसाला कधी दिसत नाही. काचेतल्या पुतळ्याला जो कपडा इतका झक्क बसलेला दिसतो, तो त्याला बसलेला नसतोच. पुतळे सगळे एका मापाचे, कपडे वाटेल त्या मापाचे. मग कपड्याचा जादा घोळ मागे ओढायचा, पाठीवर चुण्या घालायच्या आणि लोखंडी क्लिपा मारायच्या. समोरून पुतळा म्हणजे नवरदेव, मागून साळिंदर. पंधरा वर्षं हे काम केल्यावर माणसाच्या डोक्यात एक विचार येणारच, की पुतळ्याला चालतं ते मला का चालू नये?

दर्शनीरावांच्या तो पहिल्याच वर्षी आला होता. शाळेत असताना त्यांना पोरं 'हँगर' म्हणायची. अंगात शर्ट घातला तरी तो दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा. छाती आत, कोपरं बाहेर. मापाचा शर्ट घेतला असता तर प्रश्नच नव्हता. पण मापाच्या शर्टात माप दिसतं. म्हणून ते तीन मापं मोठा शर्ट घ्यायचे, खांद्यांत स्पंजच्या गाद्या सरकवायचे, सगळा घोळ मागे ओढून क्लिपा मारायचे आणि समोरच्या आरशात एक भरदार पुरुष उभा राहायचा. त्या पुरुषाला कोणी हँगर म्हटलं नसतं. कोट घालून क्लिपा झाकता आल्या असत्या, पण मग कोटाची पाठ आवळायला आणखी क्लिपा लागल्या असत्या. सॅकच्या दाबानं त्या क्लिपा रुतायच्या, रुतल्या की माणूस आपोआप ताठ चालतो, आणि लोक मागाहून म्हणायचे, काय रुबाब आहे बघा.

दुकानातल्या क्लिपा कमी पडल्या की घरातले कपडे वाळत घालायचे चिमटे कामाला यायचे. आईंच्या दोरीवरचे चिमटे त्यामुळे सतत घटत होते. आईंचा संशय दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंवर होता, कारण आईंची दोरी काकूंच्या खिडकीवरून जायची. दोन वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. दर्शनीराव घरात हे ऐकायचे, पाठीवरचा निळा चिमटा हलकेच चाचपायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे ना आई, चिमटाच तो."

हे असं आयुष्यभर छान चाललं असतं. पण दुकानात टेलरबाई होत्या.

टेलरबाईंची जागा दुकानाच्या मागच्या अंगाला, गोदाम आणि संडासाच्या मधल्या खोलीत. खिडकी नाही. एक शिलाई मशीन, एक वाफेची इस्त्री, भिंतीवर खिळ्याला लटकलेल्या पट्ट्या आणि टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा, ज्यात बिस्किटं कोणी कधी पाहिली नव्हती. गिऱ्हाइकानं पँट घेतली की ती खालून दुमडायची, कंबर सैल करायची, बाही आखूड करायची, हे त्यांचं काम. वय अडतीस. लग्न केलेलं नव्हतं. का, असं विचारणाऱ्या एका गिऱ्हाइकाची पँट चार बोटं आखूड झाली, त्यानंतर कोणी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी एकदा त्या दुकानाबाहेर जाऊन काचेसमोर उभ्या राहिल्या होत्या. नव्या हंगामाची सजावट होती, दर्शनीरावांनी जीव ओतला होता. बाईंनी सगळे पुतळे निरखले, आत आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "पुढून बरंय." त्या दोन शब्दांवर या माणसानं तीन वर्षं काढली.

बाई दुपारी जेवताना पुस्तक वाचायच्या. दर्शनीराव सुई मागायला म्हणून गेले तेव्हा त्यांनी मुखपृष्ठ पाहून घेतलं. जपानी चित्रकथा होती, मांगा म्हणतात ती, त्यातही प्रेमाची. वर एक उंच तरुण, हनुवटी अशी की तिनं पाकीट फाडता यावं, आणि आजूबाजूला कारण नसताना फुलं उडतायत. दर्शनीरावांना वाटलं, सापडलं. या बाईच्या मनात कोण आहे ते आता मोजून मापून बघता येईल. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी त्याच मालिकेचे सहा भाग आणले आणि रविवारी सकाळी खुर्चीत बसून वाचायला घेतले.

पहिल्याच पानावर दोघांची दिलजमाई झालेली. मग दोघांनी एकमेकांची माफी मागितली, मग कडाक्याचं भांडण केलं, मग त्यानं तिला फुलं दिली, मग ती त्याला लाजायला लागली आणि शेवटच्या पानावर दोघं रस्त्यात एकमेकांना धडकून, ओळखदेख नसल्यासारखी निघून गेली. दर्शनीराव हेलावून गेले. इतकं खरं त्यांनी कधी वाचलं नव्हतं. दुसरा भागही त्याच वळणाचा निघाला. तिसऱ्याच्या मध्यावर आई चहा घेऊन आल्या, खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ही कपबशी आधी फुटलेली आणि नंतर तिच्या हातात कशी रे?"

तेव्हा उलगडा झाला की ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. दर्शनीरावांनी पाहिलेल्या पहिल्याच पानावर तसं बाण काढून सांगितलेलं होतं. त्यांना ती छापखान्याची काहीतरी खूण वाटली होती. सगळं पुन्हा उजवीकडून सुरू करावं लागलं. आईही शेजारी खुर्ची ओढून बसल्या, कारण त्यांना कपबशी कोणी फोडली ते कळायला हवं होतं.

"डोळे केवढाले आहेत यांचे," आई म्हणाल्या. "आणि एकमेकांच्या मनातलं मात्र कोणाला दिसत नाही."

नीट वाचल्यावर दर्शनीरावांच्या ध्यानात एक गोष्ट आली. नायक सगळ्या बाबतींत निर्दोष असतो. उंच, देखणा, वर्गात पहिला, पळण्यात पहिला, बंद खोलीतही केस वाऱ्यावर उडणारा. सगळ्या पोरी त्याच्यामागे. पण सहाव्या भागात तो नायिकेला एकटीला गाठतो, मान जराशी वळवतो आणि आपलं आतलं दुःख सांगतो. वरून दिसतो तसा मी नाही, आत फार घाबरलेला आहे. ते ऐकलं की नायिका त्याची होते. म्हणजे नुसतं देखणं असून भागत नाही; सहाव्या भागात दाखवायला एक दुःखही लागतं.

त्यापूर्वी त्यांनी पहिल्या भागातला एक प्रकार करून पाहिला. त्यात नायक भिंतीशी उभ्या असलेल्या नायिकेच्या डोक्याशेजारी एक हात टेकवतो आणि खाली बघतो. टेलरबाई कपाटाशी दोरा शोधत उभ्या होत्या. दर्शनीराव गेले, हात उचलला, आणि हात खांद्याच्या वर जाताच पाठीवरची एक क्लिप टक्कन सुटून बाईंच्या चहात पडली. दोघांनी कपाकडे बघितलं. मग बाईंनी कप उचलला, क्लिप बाहेर काढली, फडक्याला पुसली आणि त्या बिस्किटांच्या डब्यात टाकली. दर्शनीराव भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे आडवे आडवे चालत दाराबाहेर गेले.

त्यानंतर त्यांनी चार-सहा महिने काही केलं नसतं. पण एका सोमवारी दुकानात बातमी फुटली की टेलरबाईंना परगावच्या एका गणवेशांच्या कारखान्यात मोठी जागा मिळते आहे, हाताखाली वीस माणसं, आणि शनिवारी त्या तिकडे पक्कं कळवणार आहेत. मालकांनी तोंड वाकडं केलं, काउंटरवरच्या पोरींनी निरोप समारंभाचं काढलं. बाई सगळ्यांना हसून सांगत होत्या की हो, जवळजवळ ठरल्यातच जमा आहे. दर्शनीरावांच्या हातात त्या वेळी एका पुतळ्याचा हात होता. तो त्यांनी चुकून दुसऱ्या पुतळ्याला लावला.

शनिवारच्या आत बोलायला हवं होतं. म्हणजे दुःख शोधायला हवं होतं.

त्यांनी मंगळवारी बसून आपल्या दुःखांची यादी केली आणि हताश झाले. एकही दाखवण्यासारखं नव्हतं. छाती तेहेतीस इंच. हँगर हे नाव. घरी पंचवीस वर्षांपासून एकच उशी, तिच्याशिवाय झोप नाही. यातलं काय सांगणार आणि मान कुठल्या बाजूला वळवणार? पुस्तकातल्या नायकाचं दुःख कसं घरंदाज होतं. तो पियानो वाजवायचा, आई गेली आणि त्यानं पियानोला कायमचं झाकण घातलं. दर्शनीरावांना ते फार आवडलं. पण पियानो घरात मावणार नव्हता, आणि आई तर रोज अकरा वाजता दुकानात फोन करून डबा खाल्ला का विचारायच्या. मग त्यांनी पियानोचं व्हायोलिन केलं आणि आईच्या जागी गुरुजी घातले. गुरुजी गेले, व्हायोलिन सुटलं. बुधवारी आणि गुरुवारी आरशासमोर सराव झाला. 'सुटलं' म्हणताना आवाज किंचित फाटायला हवा होता. तो बरोबर फाटायला लागेपर्यंत आईंनी दोनदा घशासाठी गरम पाणी आणून दिलं.

शुक्रवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, दर्शनी काच बदलायची होती. अशा वेळी आतून काचेला तपकिरी कागद लावतात, म्हणजे उघडे पुतळे रस्त्याला दिसत नाहीत. आणि इथे दर्शनीरावांकडून अशी चूक झाली जी दुसऱ्या कोणाकडून होऊच शकली नसती. आजचा दिवस महत्त्वाचा, त्यात बोलताना हात हलणार, क्लिपा दगा देणार, म्हणून त्यांनी घरून निघताना पाठीवर क्लिपांच्या आणि चिमट्यांच्या जोडीला रुंद चिकटपट्टीही उभी-आडवी मारून घेतली होती. काचेच्या कागदासाठी दुकानात ठेवलेलं अख्खं भेंडोळं त्यांनी आदल्या रात्रीच घरी नेलं होतं, ते त्यात संपलं. काचेवरच्या कागदाला उरली ती चार बोटं पट्टी. ती त्यांनी वरच्या दोन कोपऱ्यांना लावली आणि म्हटलं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे.

मग त्यांनी टेलरबाईंना आत बोलावलं. निमित्त एका पुतळ्याच्या पँटचं होतं. काचेच्या त्या चिंचोळ्या जागेत चार पुतळे, एक दिवा आणि ही दोघं. बाई पुतळ्याच्या पायाशी गुडघे टेकून बसल्या, तोंडात टाचण्या धरल्या आणि खालची दुमड घालायला लागल्या. दर्शनीरावांनी दिवा आधीच हवा तसा फिरवून ठेवला होता. ते दिव्याच्या उजेडात उभे राहिले, मान वळवली, बट जागेवर होती.

"मी वरून दिसतो तसा नाही," ते म्हणाले.

बाई टाचणी लावत राहिल्या.

"एके काळी मी व्हायोलिन वाजवायचो. गुरुजी गेले. तेव्हापासून सुटलं."

आवाज बरोबर जागेवर फाटला. बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, मनगटावरच्या उशीत खोचल्या आणि वर बघून विचारलं, "कुठल्या खांद्यावर धरायचात?"

हे पुस्तकात नव्हतं. पियानो खांद्यावर धरतच नाहीत. दर्शनीरावांनी क्षणभर विचार केला आणि उजवा खांदा थोपटला. स्पंजची गादी आत दबली आणि हळूहळू पुन्हा वर आली.

"डावा," बाई म्हणाल्या. "आणि पुस्तकात पियानो होता. सहावा भाग. मी दोनदा वाचलाय."

दर्शनीराव एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. त्यांची जन्माची सवय, अडचण आली की भिंत गाठायची आणि पाठ टेकवायची. मागे भिंत नव्हती, कागद होता. चार बोटं चिकटपट्टीनं जेवढं जमलं तेवढं केलं आणि मग सबंध कागद सरसरत खाली आला.

दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे बसथांबा होता. सकाळच्या त्या वेळी तिथे निम्मी इमारत उभी असते. पोस्टमास्तर होते, पेन्शनच्या कामाला निघालेले. काकू होत्या. आणि गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जायला आलेल्या दर्शनीरावांच्या आई होत्या, काकूंपासून मोजून चार पावलं लांब. या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, दिव्यानं उजळलेल्या काचेत, पंधरा वर्षं जी कोणाला दिसली नव्हती ती पाठ उभी होती. लोखंडी क्लिपांच्या दोन रांगा, मध्ये चिकटपट्टीची फुली, आणि कंबरेपाशी दोन निळे चिमटे, एक गुलाबी.

पुतळे सगळे तोंड रस्त्याकडे करून, आणि हे एकटे उलटे.

दर्शनीरावांना मागे न बघताही कळलं. वळावं, तर तोंड दाखवावं लागणार. न वळावं, तर पाठ दिसणार. ते जागच्या जागी थिजले.

"कोण कोण आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

बाईंनी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. "एक टोपीवाले गृहस्थ आहेत, ते मोजतायत बहुतेक. एक बाई बसमध्ये चढता चढता उतरल्या. आणि तुमच्या आई रस्ता ओलांडून येतायत."

आई आल्या, काचेला नाक लावलं, चष्मा पुसला आणि पुन्हा लावलं. बराच वेळ बघितलं. तोवर काकूही मागोमाग येऊन पोचल्या होत्या.  मग आई वळल्या, काकूंचा हात धरला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलल्या, "तुमच्यावर उगाच आळ घेतला हो मी. गुलाबीसुद्धा याच्याकडेच आहे."

आत दर्शनीरावांचे कान लाल झाले होते. एव्हाना शनिवार, कारखाना, सहावा भाग, सगळं हातातून गेलेलं होतं, आणि हातातून गेल्यावर माणूस जे करतो ते त्यांनी केलं. खरं बोलले. शाळेत हँगर म्हणायचे, असं म्हणाले. मान वळवायचं विसरले.

टेलरबाई उठल्या, गुडघे झटकले. "हलू नका," म्हणाल्या, "टाचणी लागेल." आणि सगळ्या बसथांब्यासमोर, कडेला उभ्या राहून, त्यांच्या पाठीवरच्या क्लिपा एकेक करून काढायला लागल्या. शर्ट पुढून ढिला पडत चालला. छाती उतरली, कंबर गेली. चिकटपट्टी ओढली तेव्हा दर्शनीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पट्टीमुळे होतं की कशामुळे, याचा शोध कोणी घेतला नाही.

"पंधरा वर्षं मी तुमच्यापासून पंधरा पावलांवर बसते," बाई म्हणाल्या. "माझं कामच पाठी बघायचं. तुम्हाला काय वाटलं, दिसत नव्हतं? तुमच्या गळलेल्या चौदा क्लिपा आहेत माझ्या डब्यात. एक चहातली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलायचं की मी?"

 मग धीर करून दर्शनीरावांनी विचारलं की त्या पुस्तकांतला नायक तरी त्यांना का आवडतो. बाई हसल्या. त्या पुस्तकं वाचायच्या ती कपडे बघायला. एकाही कोटाला शिवण नाही, म्हणाल्या, चितारणाऱ्यानं जन्मात सुई हातात धरलेली नाही. आणि खांदे दाराएवढे, आत माणूस मात्र काडीएवढा. "तुमच्यासारखाच. त्यांच्या पाठी कधी काढतच नाहीत, म्हणून कळत नाही."

क्लिपा संपल्या. चिमटे बाईंनी आपल्या कपड्याला लावून ठेवले, आईंना परत द्यायला. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली, आणि इथे त्या जरा थांबल्या. कागद पडल्यापासून त्या पहिल्यांदाच रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"कारखान्याचं ठरलेलं काही नाहीये," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "त्यांनी नमुना मागितलाय. अख्खा शर्ट, कापडापासून. तीन आठवडे झाले, मी कापडाला कात्री लावलेली नाही. वीस वर्षं दुसऱ्याचं शिवलेलं उसवतेय नि आखूड करतेय. अख्खं काही बेतलंच नाही कधी. सगळ्यांना वाटतं टेलरबाईंना काय अवघड आहे, म्हणून मीही हो हो म्हणत गेले."

दर्शनीरावांनी पुस्तकात वाचलं होतं की अशा वेळी नायक काहीतरी फार सुंदर बोलतो.  ते म्हणाले, "माझ्यावर बिघडवून बघा. माझ्यावर कुठलाच शर्ट नीट बसत नाही, त्यामुळे चूक तुमची का माझी, कोणाला कळणार नाही."

बाईंनी टेप त्यांच्या छातीभोवती फिरवली आणि आकडा बघितला.

"तेहेतीस."

"हळू बोला."

"काचेपलीकडे ऐकू जात नाही. हात वर करा."

त्यांनी हात वर केले. काही सुटलं नाही, काही पडलं नाही. पलीकडे पोस्टमास्तरांची बस गेली. त्यांनी ती सोडली.

शनिवारी बाईंनी कारखान्याला काय कळवलं ते दुकानात कोणाला समजलं नाही. सोमवारी सकाळी मात्र त्या आपल्या खोलीत होत्या आणि टेबलावर निळसर कापड पसरलेलं होतं. शर्ट व्हायला बारा दिवस लागले. डावी बाही उजवीपेक्षा अर्धा इंच लांब झाली, एक खिसा हसऱ्या माणसाच्या तोंडासारखा तिरपा बसला, आणि कॉलर दोनदा उसवून तिसऱ्यांदा लावावी लागली. कारखान्यात हा नमुना गेला असता तर तिथल्या वीस माणसांनी एकमेकांना दाखवला असता. पण तो तिकडे गेलाच नाही. तो दर्शनीरावांच्या अंगात गेला, आणि त्यांनी काचेतल्या पुतळ्यांकडे बघूनही न बघितल्यासारखं करून दिवसभर दुकानात पुढून मागून फेऱ्या मारल्या. बाईंनी दुसरं कापड बेतायला घेतलंय म्हणतात. याही खेपेला माप तेहेतीसचंच आहे.

इमारतीची मात्र पार निराशा झाली. परवा दर्शनीराव लिफ्टमधून सगळ्यांच्या आधी बाहेर पडले आणि पोस्टमास्तरांना अगदी हातभर अंतरावरून ती पाठ बघायला मिळाली. संध्याकाळी खाली बाकावर सगळे जमले, कोणी काही, कोणी काही विचारलं. पोस्टमास्तरांनी खांदे उडवले.

"काही नाही हो," ते म्हणाले. "पाठच आहे. बारीकशी."

काकूंनी मात्र त्यात एक पाहिलं होतं, खांद्याची शिवण जराशी वाकडी आहे. तसं त्यांनी जिन्यात दर्शनीरावांना सांगितलंही. ते थांबले, वळून पाठ पूर्ण त्यांच्याकडे केली आणि म्हणाले, "कुठे? नीट दाखवा हं काकू. बाईंना सांगायला हवं, पुढच्या वेळी लक्षात राहील त्यांच्या."